समुद्राकडचा कंदील

सोमवार, ७ एप्रिल १९८६

मढला पोचलो. मालाडहून बस रिकामी मिळाली, आणि कोळीवाड्याच्या टोकाला सोनूबाईंनी दिलेली खोली अशी झकास की स्टुडिओतून आठवड्याची सुट्टी मागितल्याचं सार्थक झालं. या टोकाला वीज नाही आणि परवा अमावस्या. धूमकेतूचा फोटो काढायला आणखी काय पाहिजे? फोटो घेतल्याशिवाय घरी यायचं नाही, असं क्षमाने कांदिवलीहून निघताना बजावलंय. बाबाला अंधार हवा म्हणून ती रोज झोपताना आमच्या गॅलरीतला दिवाही विझवणार आहे. सात वर्षांची पोर. तो दिवा मढहून दिसत नाही, हे काही मी तिला सांगितलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

एक अडचण आहे. सोनूबाई रोज ओसरीवर समुद्राच्या बाजूला कंदील लावतात. त्यांचा मुलगा बळवंत नऊ वर्षांपूर्वी होडीवरून पडला, तो सापडलाच नाही. कंदील दिसला की तो लांबच उभा राहतो. विझला की उजेड शोधत येतो, आणि ज्याच्या हाती उजेड असेल त्याला आपल्या जागी उभं करून घरी जातो. बोंबील साफ करता करता त्यांनी हे सांगितलं. मी शहाणा. उजेडाने फिल्म खराब होते, म्हणून रात्रभर कंदील विझवा म्हटलं. त्या लगेच हो म्हणाल्या.

बुधवार, ९ एप्रिल

रात्री दीड वाजता शटर उघडलं, चाळीस मिनिटं ठेवलं. आज मोरीत निगेटिव्ह धुतली. ताऱ्यांच्या रेघा, धूमकेतूचा पुसट पट्टा, सगळं सुरेख. खाली पाण्यात एक माणूस. इतक्या वेळात हलणारं माणूस फिल्मवर उमटतच नाही. म्हणजे हा चाळीस मिनिटं जागचा हलला नाही. भरतीची वेळ, तिथे दोन पुरुष खोल पाणी असतं. त्याच्या गुडघ्यापर्यंतच आहे.

भीती वाटायला हवी होती. उलट आज रात्रीसाठी कॅमेऱ्यात नवा रोल भरला.

गुरुवार, १० एप्रिल

कालच्या फोटोत तो वाळूवर आहे. तोंड माझ्याकडे. मोरीतून बाहेर आलो तोवर शेवटची बस गेलेली. कंदील लावा म्हणून सोनूबाईंना विनवलं. म्हणाल्या, "पोर घरा येतंय, आता कंदील कशाला?" मग माझ्याकडे बघेनात.

सामान बांधलंय. पहाटेची बस. लिहायला टॉर्च लागते, तिला लाल कागद लावलाय. एवढ्याशा उजेडाने काय–

दाराखालून पाणी

शुक्रवार, ११

स्टॉपवर उभा होतो. कंडक्टरने माझ्याकडे न बघता घंटी दिली. बस गेली.

सोनूबाईंच्या ओसरीवर कुणी जेवतोय. केसांतून पाणी गळतंय. अंगात माझा चौकड्यांचा शर्ट.

मला भूक नाही. दुपार आहे, वाळू तापली असेल. कळत नाही.

शनिवार

पाणी गुडघ्यापर्यंत. गार लागत नाही.

इथून सगळे दिवे दिसतात. कांदिवलीचे. आमच्या गॅलरीतलासुद्धा.

तिची झोपायची वेळ झाली.

क्षमा, बाळा, आज दिवा राहू दे. तो दिसला की मी लांबच उभा राहीन. बाबाला आता अंधार नको–

खुर्ची ओढली तिने. वर चढली. बटणाकडे हात–

क्षमा, नको, माझे पाय निघा