पहिला इंच

प्रिय दादा,

आपली शिडाची होडी आज शर्यतीत सरळ धावली. दुसरा नंबर आला. पाच वर्षं ती उजवीकडे कलायची आणि धक्क्यावरचे लोक विचारायचे, "काय ताई, होडीला पेंग आलीय का?"

मधली होडी आणि तिला जोडलेली डावी छोटी होडी तू बांधलीस, उजवी मी. पहिल्याच शर्यतीत सगळी होडी उजवीकडे कलंडली, तेव्हा तू म्हणालास, "नकाशा माझाच चुकला." नकाशाची गुंडाळी माझ्या हातात देऊन तू नोकरीसाठी निघून गेलास. त्यानंतर काहीच आखलं नाहीस, असं वहिनी सांगते.

तू टेपने मोजत होतास, मी बाबांच्या शिवणकामाच्या लाकडी पट्टीने. तिचा पहिला इंच तुटलेला. कापड मोजताना बाबा आपल्या दोघांवर ओरडायचे, "एकापासून धरा रे!" तेवढंच मी विसरले. माझी प्रत्येक फळी इंचभर अरुंद झाली.

तू गेल्यावर आठवड्याभरातच हे मला कळलं. तू रागावला असतास तर भांडणाच्या भरात सांगून टाकलं असतं. तू रागावला नाहीस, म्हणून गप्प बसले.

यंदा उजवी होडी नव्याने बांधली. तुझ्या नकाशातली एक रेघही बदलली नाही.

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय आणि हेही टपालात टाकणार नाही. उद्या नुसती पट्टी पाठवते. हातात घेतलीस की तुझा अंगठा आपोआप एकावर जाईल, आणि तुला सगळं कळेल.

मग भांडायला ये.

तुझी,
छोटी