गुंता मिटेपर्यंत

केर्केना बेट, ५ मार्च २००४

ती. रिधाभाईस नजिबाचा सलाम, वि. वि.

तपासणी झाली. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर किरण देऊन वर्ष झालं; तो निम्मा मिटलाय. उरलेला मिटायला आणखी दोनेक वर्षं लागतील आणि तोवर रक्तस्रावाची धास्ती आहेच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तोवर मी काय करू, असं विचारलं, तर म्हणाल्या, जगा. तेच करतेय. शाळेत पोरांवर ओरडते, उम्मीच्या ऑक्टोपसच्या कालवणाला नावं ठेवते. तू ट्युनिसला राहायला बोलावतोस, पण तुझ्या हातचं खाऊन मी आधीच मरेन.

तुझी आगाऊ धाकटी,
नजिबा

ट्युनिस, १९ मार्च

चि. नजिबास अनेक आशीर्वाद.

थट्टा पुरे. वारा सुटला की स्फाक्सच्या इस्पितळाकडे नेणारी बोट बंद. त्या दिवशी तुझं डोकं दुखलं, तर तुला पाठीवर घेऊन पोहू? इथे इस्पितळ गल्लीच्या टोकाला आहे. शाळेतून रजा घे. गुंता मिटला की मीच तुला बोटीत बसवीन. माझ्यासाठी ये. स्वयंपाक तू कर.

वाट पाहणारा,
रिधा

ट्युनिस, २८ सप्टेंबर

ती. उम्मीस सलाम.

दफनाला आलो तेव्हा तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही, म्हणून लिहितोय. नजिबा इथे माझ्या स्वयंपाकघरात मिरच्यांत सारण भरत होती. डोकं फुटतंय म्हणाली आणि खाली बसली. मी तिला उचलून धावलो. लगेच शस्त्रक्रिया झाली, पण ती शुद्धीवर आली नाही. न मिटलेला भाग फुटला होता. डॉक्टर म्हणाले, याहून लवकर कुणी आणू शकलं नसतं. उम्मी, जवळ असून काय उपयोग झाला? इथून समुद्र दिसत नाही म्हणून ती कुरकुरायची. तिचे शेवटचे महिने मी तुझ्यापासून तोडले.

तुझा मुलगा,
रिधा

केर्केना, ९ ऑक्टोबर

चि. रिधास उम्मीचे आशीर्वाद.

ती इथे असती, वारा असता आणि बोट नसती, तर उरलेला जन्म मी समुद्राला शिव्या देत काढला असता. रोज त्याच्याकडेच तोंड करून बसायचं आहे मला. तेवढं तू वाचवलंस. आता स्वतःला शिव्या देणं थांबव.

शाळेतली पोरं येतात, दारात उभी राहतात, जातात. तिचं अंथरूण मी अजून उचललेलं नाही. एकटीने होत नाही. ईदला ये. दोघं मिळून उचलू.

जेवत जा.
तुझी उम्मी