तिसरी किल्ली

सोमवार, ऑगस्ट १९९९. महाड.

शाळेत शिकवून घरी आले, तर दाराचं कुलूप जसंच्या तसं, आणि खालच्या खणातला लग्नाचा अल्बम कपाटाच्या डोक्यावर! तांदळाचा डबा पलंगावर. काल दुपारी केबलवर पाहिलेल्या सिनेमात अगदी हेच. नवराबायको बाहेर गेले की कुणीतरी किल्लीने घरात शिरतं, वस्तू हलवून ठेवतं. आणि ती किल्ली नवऱ्यानेच दुसऱ्या बाईला दिलेली असते.

तशीच कोपऱ्यावरून नवं कुलूप घेऊन आले. हे पोलादपूरहून आले, तर बूट काढायच्या आत विचारलं, "किल्ली कुणाला दिलीत?" कसल्या आवाजात विचारलं मी! लग्नाला सहा महिने नाही झाले.

यांनी अल्बमकडे पाहिलं आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. सासूबाईंनी गावी जाताना एक किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. मला सांगायचं हे विसरले.

काकू म्हणाल्या, "नदीचं पाणी पायरीला लागलं होतं गो. तू शाळेत, हा पोलादपूरला. आधी अल्बम उचलला. तांदूळ काय, पुन्हा भरता येतात."

पाणी पायरीवरूनच ओसरलं. पण सत्तरीच्या काकू तो अल्बम घेऊन स्टुलावर चढल्या. आणि मी मनात त्यांना कोण ठरवलं होतं? लाज वाटली, आणि किती बरंही वाटलं.

नव्या कुलपाला तीन किल्ल्या आहेत. तिसरी आत्ताच काकूंच्या हातात देऊन आले.