दोन्ही पायांनी खेळणारी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला फुटबॉलबद्दल लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी खेळ समजावून सांगावा लागेल, आणि तेवढा उत्साह सध्या माझ्यात नाही. मी कशेळ्याच्या पुढे एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली इथे राहून शिकतात. हे सगळं तुमच्या माघारचं, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

माझ्या संघात एक मुलगी होती. नववीतली, खांदे रुंद, चाल संथ. पहिल्या दिवशी मला ती आळशीच वाटली. बाकीच्या सगळ्या चेंडूमागे झुंडीनं धावत होत्या आणि ही एकटी मैदानाच्या मध्यावर उभी. मग चेंडू त्या झुंडीतून निसटला तो थेट तिच्या पायाशी आला. असं एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी शिट्टी तोंडात धरून तिच्याकडेच बघत राहिले. तिची मान खाली जात नसे. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत मोठी झालेली ती, पायाखालचं न बघता चालायची तिला सवय. चेंडू पायात असताना ती लांब कुठेतरी बघत असायची, आणि जिथे बघायची तिथे पुढच्या क्षणी आमचीच कुणीतरी मोकळी असायची. कुणी अंगावर धावून आली की ही पाठ करून उभी राहायची, चेंडू पलीकडच्या पायात. धक्का मारायची नाही, नुसती हलायची नाही. आलेलीच मागे सरकायची. आणि वळून निघाली की चार ढांगांत अर्धं मैदान मागे. तिचा जोराचा पाय डावा की उजवा, हे मला वर्षभर कळलं नाही. शेवटी विचारलं तर म्हणाली, "जो जवळ असंल तो, बाई."

तुम्ही कारखान्याच्या संघात मध्यावरच खेळायचात. पहिली पाळी संपवून तसेच मैदानावर यायचात, शर्टाला मशीनच्या तेलाचा वास, आणि मी तुमचा डबा मांडीवर घेऊन कडेला बसायचे. खोपोलीच्या त्या मैदानाला एका बाजूला उतार होता. तुम्ही चेंडू द्यायचात तो उताराचा हिशेब धरून, घेणाऱ्याच्या पुढे दोन पावलं. मी सहावीत असताना शाळेच्या सामन्यात एका मुलीवर ओरडले होते, तिला माझा पास घेता आला नाही म्हणून. तुम्ही सगळ्यांसमोर मला बाजूला घेतलंत. आवाज चढवला नाहीत. "तिला घेता आला नाय, म्हंजे तू दिला नायस. ती किती धावते ते तुला ठाव नको?" मला तेव्हा फार राग आला होता. घरी जेवले नव्हते. या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या संघात एक अगदी बारकी, दमेकरी पोर आहे, तिला ही चेंडू नेहमी हळू आणि पायातच द्यायची. जोरात धावणारीला लांब टाकायची. प्रत्येकीचं माप तिच्याकडे होतं.

मागच्या पावसाळ्यानंतर कर्जतला जिल्ह्याचे सामने झाले. पहिल्या दिवशी आमच्या गोलकीपरचं बोट दुखावलं, तर ही हातमोजे चढवून गोलात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूची बचावातली मुलगी तापानं झोपली, तर ही तिथे. शेवटची दहा मिनिटं मी तिला सगळ्यात पुढे पाठवलं आणि तिनं गोल मारला. नाही म्हणणं तिला येतच नसे. मी हाक मारून नुसता हात दाखवायचा, ती त्या जागी जाऊन उभी, जणू जन्मभर तिथेच खेळत आलीय. त्याचं मला तेव्हा फार कौतुक होतं. लोक विचारायचे, हिची जागा कोणती, आणि मी हसून म्हणायचे, रिकामी असेल ती.

अंतिम सामन्याला एका क्रीडा वसतिगृहासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ येऊन बसले. त्यांनी वहीत तिचा नंबर लिहिलेला मी पाहिला. पहिल्या अर्ध्यात ती आणि समोरची एक मुलगी गुडघ्यावर गुडघा आपटून पडल्या. ती उठली, खेळली, पण मध्यंतराला सावलीत बसली तेव्हा गुडघा सुजून गोल झाला होता. आम्ही एका गोलानं मागे होतो. गृहस्थ अजून तिथेच होते. दुसऱ्या अर्ध्यात मी तिला परत मैदानात उतरवलं.

पहिली काही मिनिटं ती जशी खेळली तसं मी कुणाला खेळताना पाहिलेलं नाही, बाबा, तुम्हालाही नाही. धावता येत नव्हतं, म्हणून ती एकाच जागी उभी राहून सगळ्यांना खेळवत होती. डाव्या पायानं पार पलीकडच्या कडेला, उजव्यानं मधून. बरोबरीचा गोल तिच्याच पासवर झाला. मग ती एका साध्या चेंडूवर वळली. जवळ कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नाही. पाय जमिनीत रुतून राहिला आणि ती वळली. ती ओरडली नाही. मीही धावत गेले नाही, चालत गेले, हे मला स्वच्छ आठवतं.

पनवेलला ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. डॉक्टर म्हणाले, चालेल व्यवस्थित, खेळाचं विसरा. वसतिगृहाकडून काही कळलं नाही. तेव्हापासून मी शाळेत जाते, हजेरी घेते, शिट्टी वाजवते, संध्याकाळी पोशीरला घरी येऊन भात लावते. रडू येत नाही. रागही येत नाही. मुली गोल मारतात तेव्हा टाळ्या वाजवायच्या हे लक्षात ठेवावं लागतं.

गेल्या महिन्यात तिच्या वाडीवर जाऊन आले. कशेळ्याहून जीपनं, पुढे पायी. ती अंगणात करवंदं निवडत बसली होती, पाय लांब करून. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं. तिच्या आईनं कोरा चहा दिला. मग आई म्हणाली, "तुमी जिवाला लावून घेऊ नका, बाई. पोरीनं सांगितलंय आमाला. बाईंनी इचारलं व्हतं, खेलशील का म्हनून. मीच हो बोलली, म्हंते."

मी मुलीकडे पाहिलं. ती करवंदं निवडत होती, मान खाली. मी चहा संपवला आणि उतरायला निघाले.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, वहीतच राहील. शाळेत मी सगळ्यांना तेच सांगितलंय, आणि आता तीही तेच सांगते. पण मी तिला विचारलं नव्हतं, बाबा. मध्यंतराला मी फक्त खाली बसून तिच्या गुडघ्याला पट्टी घट्ट बांधून दिली होती.