पेटी क्रमांक एकतीस आणि ओस्ला अम्फ्रीचा युल

मी, एल्स्पेथ जीन फार्कर्सन, वय वर्षे ब्याऐंशी, वृद्धांच्या मनोविकारांची निवृत्त प्राध्यापक, राहणार आबर्डीन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

'अक्कलहुशारीने' हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. म्हातारं माणूस मृत्युपत्र करण्याइतकं शुद्धीवर आहे की नाही, हे ठरवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. वकील कळवायचे, मी त्या माणसाच्या घरी जायचे, तीस गुणांची परीक्षा घ्यायचे आणि सही करायचे. त्या सहीवर कोणाचं घर कोणाला जायचं ते ठरायचं. आता माझी पाळी आली आहे. माझ्या मिळकतीत जपण्यासारखी वस्तू एकच आहे, ती म्हणजे कागदांची पेटी क्रमांक एकतीस. ती जाळली जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम १. माझी काळी बॅग व गुडघ्यावर मारायची हातोडी आमच्या विभागातल्या विद्यार्थ्यांना द्यावी. हातोडीचं डोकं सैल आहे. एकदा ते उडून एका निवृत्त न्यायाधीशांच्या सूपमध्ये पडलं होतं. त्यांनी ते चमच्याने काढून मला परत दिलं. त्यांना मी पूर्ण गुण दिले.

कलम २. चहाची तपकिरी किटली प्रा. अंगस गॅल्ट यांना द्यावी. १९९१ साली भर परिषदेत हे गृहस्थ म्हणाले, "एल्स्पेथबाईंच्या घरभेटी म्हणजे सरकारी खर्चाने चहापान." तीनशे लोक हसले. मी नाही हसले, आणि विसरलेही नाही. पेशंटला त्याच्याच स्वयंपाकघरात चहा करायला सांगावा, त्यातून दहा कागदांपेक्षा जास्त कळतं, हे माझं मत आजही कायम आहे. किटली गळत नाही. अंगसने तिच्यात चहा करावा व तोंड बंद ठेवावे. त्याला ही भेट देत असल्यामुळे त्याला साक्षीदार केलेले नाही.

कलम ३. माझ्या कागदपत्रांच्या त्रेचाळीस पेट्या, म्हणजे वह्या, पत्रे, व्याख्यानांची टिपणे, विद्यापीठाच्या अभिलेखागारास द्याव्यात. बाकी पेट्यांना पेशंटचे कागद शंभर वर्षं बंद ठेवण्याचा नियम लावावा. पेटी एकतीस मात्र उघडी ठेवावी. तशी लेखी परवानगी सोबत जोडली आहे. का, ते सांगते.

गेल्या वर्षी अभिलेखागारातून विल्मा लीस्क ही मुलगी यादी करायला येऊ लागली. मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची. एके दिवशी पेटी एकतीसमधली १९८४ ची वही चाळताना ती थांबली.

"डॉक्टर, ही ओस्ला अम्फ्री कुठली?"

"तुमच्याकडचीच, फूला बेटावरची. का गं?"

"आणि तुम्ही तिला तारीख विचारलीत ती सहा जानेवारीला?"

"हो. म्हणाली, आज युल आहे. बारा दिवस उलटून गेले होते नाताळला!"

"अहो, मग बरोबरच सांगितलं की तिने!"

देशाने कॅलेंडर बदललं त्याला पावणेतीनशे वर्षं होतील. फूलाच्या लोकांनी आपले सण बदलले नाहीत. त्यांचा युल, म्हणजे नाताळ, सहा जानेवारीला आणि नवं वर्ष तेरा जानेवारीला. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला, प्राध्यापकीणबाईंना, ठाऊक नव्हतं.

ओस्ला तेव्हा एकोणऐंशीची होती. खुब्याच्या ऑपरेशनसाठी आबर्डीनला आली होती आणि पुतण्याच्या घरी उतरली होती. तिने बेटावरचं घर आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, इंगा रॅटर हिच्या नावे लिहिलं होतं. इंगा शेजाऱ्यांची मुलगी, एकोणीस वर्षं तिच्यासोबत राहून तिचं सगळं करणारी, आबर्डीनलाही सोबत आलेली. पुतण्याने हरकत घेतली आणि मला बोलावलं. मी गेले तेव्हा टेबलावर पांढरंशुभ्र कापड होतं, खारवलेल्या मटणाचं सूप होतं, दोन ग्लास मांडलेले होते. तिने मला फक्कड चहा करून दिला. माझ्या वहीत हे सगळं आहे. त्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'सण संपून बारा दिवस, तरी मेजवानी मांडलेली. काळाचे भान नाही.'

"साल कोणतं?" मी विचारलं होतं.

"त्र्याऐंशी. नवं यायला अजून आठवडा आहे," असं म्हणून ती हसली. "तुमच्याकडे आलं असेल हो डॉक्टरीणबाई, आमच्याकडे नाही आलं."

यापुढे मी लिहिलं: 'चूक झाकण्यासाठी गोष्टी रचते.' तारीख, महिना आणि साल, तिन्हींना शून्य. तीसपैकी चोवीस हवे होते, तिला बावीस मिळाले; ते तीन दिले असते तर पंचवीस झाले असते. मी सही केली. मृत्युपत्र टिकलं नाही, पुतण्या तिचा पालक झाला, त्याने घर विकलं, इंगाला बेट सोडावं लागलं, आणि ओस्ला दोन वर्षांनी एका वृद्धाश्रमात वारली. तिला मी 'ठामपणे चुकीचं उत्तर देणारी रुग्ण' म्हणून सव्वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. पोरं हसायची. मीच हसवायचे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

एप्रिलमध्ये मी शेटलंडमधल्या लर्विक गावी जाऊन इंगाला भेटले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, विणकाम करत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं.

"चाळीस वर्षं लागली तुम्हाला युल कधी असतो ते कळायला?" ती म्हणाली. "सहा जानेवारी तिलाही कळत होती हो. पण युलच्या दिवशी कोणी विचारलं तर माणूस युलच म्हणणार ना?"

"तुम्ही कुठे होतात त्या दिवशी?"

"पुतण्याने मला बाजारात पिटाळलं होतं. बरं, भेटीचा दिवस ठरवला कोणी?"

"त्यानेच."

"त्याचा बाप फूलाचाच होता," इंगा म्हणाली आणि पुन्हा सुया चालवू लागली.

मी घराच्या भरपाईचं बोलले. तिने हातानेच उडवून लावलं. "छप्परसुद्धा राहिलं नाही त्याला. मला काही नको. ती वेडी नव्हती, एवढं सहीनिशी लिहून द्या."

ते मी लिहून दिलं आहे. पत्राची एक प्रत इंगाकडे आहे, एक पेटी एकतीसमध्ये सगळ्यात वर. ते पत्र तिथून हलवू नये. वहीशिवाय मात्र ते म्हणजे एका म्हातारीची बडबड, असं म्हणायला कोणीही मोकळा.

कलम ४. आबर्डीनमधले माझे राहते घर माझ्या भावाचा मुलगा ग्रेगर फार्कर्सन यास द्यावे. ग्रेगर वाईट नाही. पाय घसरून पडले तेव्हा हाच धावत आला होता. पण माझ्या नावाने दरवर्षी व्याख्यान होतं, त्याच्या समितीवर तो आहे, आणि त्याला नावाची फार काळजी. "आत्या, जाळून टाक ना ती वही," तो म्हणाला. "कोण बघणार आहे? उगाच झाकली मूठ कशाला उघडतेस?" मी नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला विचारलं की आत्याचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासता येईल का. शाब्बास रे पठ्ठ्या! म्हणून अट अशी: ग्रेगरने या मृत्युपत्रास हरकत घेतली किंवा पेटी एकतीसला हात लावला, तर घर लाइफबोटवाल्यांना जावे. ते निदान बुडणाऱ्याला बाहेर काढतात.

कलम ५. माझी तपासणी करायला मी मुद्दाम अंगस गॅल्टला बोलावलं. तो माझी भीड ठेवणार नाही, हे अख्ख्या स्कॉटलंडला माहीत आहे. दिवसही मीच ठरवला. आज सकाळी तो आला, कागद काढले आणि सुरू झाला.

"आजची तारीख?"

"युल."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "महिना?"

"युलचा."

"साल?"

"दोन हजार तेवीस. नवं यायला आठवडा आहे."

अंगसने पेन खाली ठेवलं. "एल्स्पेथ, हे असं लिहिलं तर ग्रेगरचा वकील नाचेल."

"लिही. आणि मग मला विचार, असं का म्हणतेस. मी तिला विचारलं नव्हतं."

त्याने विचारलं. मी सांगितलं. मग उठून त्याने स्वतःच चहा टाकला, कलम २ मधल्या किटलीत, आणि दोघांनी तो न भांडता प्यायला. त्याचा दाखला सोबत जोडला आहे. तारीख, महिना व साल यांपुढे त्याने लिहिलं आहे: 'विचारले. उत्तर बरोबर.' एकूण गुण तीसपैकी तीस.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: एल्स्पेथ जीन फार्कर्सन

साक्षीदार १: विल्मा लीस्क, अभिलेखपाल
साक्षीदार २: डूगल मेल्व्हिन, मासे विक्रेते, शेजारी

स्थळ: आबर्डीन
दिनांक: युल, २०२३. ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी, ६ जानेवारी २०२४.