गतिरोधकाच्या फलकावरून माझे नाव काढणेबाबत

दिनांक : ११ मे २००१

प्रति,
मा. उपअभियंता,
रस्ते सुरक्षा व गतिरोधक कक्ष,
नाशिक.

विषय : एकलहरे रस्त्यावरील गतिरोधकाच्या फलकावरून माझे नाव काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) माझे जुलै १९९९ पासूनचे सर्व अर्ज. २) आपले मंजुरीपत्र, दि. ८ जानेवारी २००१.

महोदय,

मी एकलहरे रस्त्यावरील कन्या विद्यालयात बावीस वर्षे मराठी शिकवतो. नववीला अर्जलेखन असते. समोरच्याला पटवायचे असेल तर मुद्दा चोख हवा, लिहिणाऱ्याची पत हवी आणि वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालता आला पाहिजे, असे मी दरवर्षी मुलींना सांगत आलो. यांपैकी एकही गोष्ट आपल्या कक्षात चालत नाही, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळले.

१. पहिल्या अर्जात मी लिहिले की, शाळा सुटते त्या अर्ध्या तासात समोरून विटांचे व वाळूचे एकेचाळीस ट्रक जातात, त्याच वेळी एकशे ऐंशी मुली रस्ता ओलांडतात, सबब तेथे गतिरोधक करावा. सात महिन्यांनी उत्तर आले, 'अर्जदाराने सांगितलेली सबब समाधानकारक नाही.' महोदय, सरकारी मराठीत सबब म्हणजे 'म्हणून'. आपल्या स्वतःच्या पत्रांतही तो त्याच अर्थाने येतो. आपल्या लिपिकाने तो 'बहाणा' या अर्थाने वाचला आणि एकेचाळीस ट्रक बहाण्यात जमा केले. मी शब्दकोशातील पानाची छायाप्रत पाठवली. त्यावर शेरा आला की, शब्दकोश या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. त्याच पत्रात खाली आणखी एक त्रुटी दाखवली होती : अपघाताची नोंद जोडलेली नाही.

२. त्यानंतर माझ्या हेतूविषयी शंका घेण्यात आली व चारित्र्याचा दाखला मागवण्यात आला. मुख्याध्यापिकांचा दिला, तर त्या हितसंबंधी ठरल्या. पोलिसांचा आणला. त्यात 'आक्षेपार्ह काही आढळून आले नाही' असे होते. लिपिकांनी तो उलटसुलट पाहिला आणि यात चांगलेही काही आढळलेले दिसत नाही, असे म्हणून बाजूला ठेवला.

३. मग मुलींनीच पत्रे लिहिली. एकीने लिहिले होते की, रस्ता ओलांडताना ती धाकट्या बहिणीचा हात इतका घट्ट धरते की तो लाल होतो. ती सगळी पत्रे 'शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून फेरसादर करावीत' या शेऱ्यासह परत आली. चुका होत्या, हे मला मान्य आहे. मी त्या दुरुस्तही करून घेतल्या, याची आज लाज वाटते.

दि. १२ डिसेंबर २००० रोजी शाळा सुटल्यावर आठवीतील सुवर्णा टिळे हिला शाळेसमोर विटांच्या ट्रकने उडवले. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आठ दिवसांनी मी पंचनाम्याची प्रत काढली, साक्षांकित करून घेतली आणि अर्जाला जोडून आपल्याकडे दिली. अवघ्या एकोणीस दिवसांत आपले पत्र आले : 'त्रुटीची पूर्तता झाल्याने प्रस्ताव मंजूर.' दीड वर्ष मी मुद्दे मांडत होतो, आणि आपणास पटला तो एका मुलीचा पाय. मला याची किळस येते. माझीही येते, कारण 'मंजूर' हा शब्द वाचून मला क्षणभर आनंद झाला होता आणि ते पत्र मी शिक्षकांच्या खोलीत टाचणीने लावले होते.

गतिरोधक झाला. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एप्रिलमध्ये आपण त्याच्या बाजूला पिवळा फलक उभा केला. त्यावर 'श्री. जयराम दगू गायखे, शिक्षक, यांच्या अथक पाठपुराव्यास यश' असे दुरूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिले आहे. मला कोणी विचारले नाही. हे नाव खरवडून काढावे, एवढीच माझी विनंती आहे. शाळा १३ जूनला उघडते. सुवर्णा त्या दिवशी कुबड्या घेऊन शाळेत येणार आहे आणि तिला रोज याच फलकाजवळून जावे लागणार आहे.

आपण कारण विचाराल, म्हणून लिहून ठेवतो. गेल्या रविवारी मी भाजी आणायला गेलो होतो. सुवर्णाची आई साळूबाई तेथे मेथी घेऊन बसते. तिने तो फलक कोणाकडून तरी वाचून घेतला होता. मला पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्यामुळं झालं बघा. माझ्या पोरीचं व्हायचं ते झालं, बाकीच्या पोरी तरी नीट घरी जातील." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने माझ्या पिशवीत मेथीची जुडी घातली आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. ती जुडी आमच्या घरात कोणी निवडली नाही.

ही बाई पोरीला शाळेत सोडायला येईल. तिने पोरीसमोर पुन्हा माझे आभार मानण्याआधी ते नाव तिथून गेले पाहिजे.

आपल्या कक्षाचा यशस्वी अर्जदार,
(सही)
जयराम दगू गायखे
सहायक शिक्षक (मराठी)

सोबत : काहीही जोडलेले नाही.