पायी जाणाऱ्यांचं स्टेशन

३ मार्च २०२५, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. प्लॅनरने नोंदी ठेवायलाच हव्यात. नेमणूकपत्रावर ‘फील्ड असिस्टंट (करार)’ छापलंय, पण काम प्लॅनिंगचं आहे, तेव्हा मी प्लॅनर. आमच्या घरातली पहिली पदवीधर. भूगोल, प्रथम श्रेणी.
संकल्प: रोज दहा हजार पावलं. गुजराती टायपिंग. लोकांवर चिडायचं नाही, त्यांना समजावायचं.

३ मार्च, संध्याकाळ
निकुंज सरांनी प्रोजेक्ट समजावलं. शहरातल्या आमच्या लिंबायत भागात मेट्रोचं स्टेशन होतंय. त्याला लागून बारा मजली इमारती. खाली बाजार, वर घरं. माणूस लिफ्टने उतरला की गाडीत. धूर नाही, पार्किंगची भांडणं नाहीत. ऐकतानाच डोळे भरून आले.
इमारती उभ्या राहणार ती जागा म्हणजे आमचीच गल्ली नंबर सहा. चौसष्ट घरं, सगळी भाड्याची, बहुतेक धुळ्या-जळगावकडची लूमवाली, म्हणजे यंत्रमागावर काम करणारी. काहींना त्याच इमारतीत घर मिळेल, बाकीच्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या वसाहतीत. कुणाला कुठे, ते सर्व्हेवरून ठरेल. सर्व्हे मी करणार. सरांना सांगितलं, मी याच गल्लीत राहते. सर म्हणाले, एटले ज तो तने लीधी. म्हणजे म्हणूनच घेतलं. केवढा विश्वास!

घरी सांगितलं. वडील, म्हणजे आमचे नाना, जेवत होते. त्यांनी विचारलं, लूमला इथून सात मिनिटं लागतात, तिथून किती? म्हटलं, नाना, तिथून म्हणजे इथूनच, फक्त आठव्या मजल्यावरून. नानांनी विचार केला. मंग आठ, म्हणाले.

९ मार्च
सर्व्हे सुरू. बावीस प्रश्न. सगळी अडचण चौदाव्यावर: कामावर कसे जाता? रकाने चार. पायी, रिक्षा, बस, रेल्वे.
शेजारच्या शोभाबाई मावशींनी सांगितलं, रिक्षा लिख. म्हटलं, काका तर पायी जातात, रोज बघते मी. त्या म्हणाल्या, जास ना पायी, पन सरकारना कागदवर काबर लिखानं? उद्या आमनी मनीषाले पाव्हना देखाले येतीन. म्हटलं, मावशी, पाहुणे फॉर्म बघत नाहीत. त्या म्हणाल्या, तुले काय माहीत, तुन्हं लगीन कुठे जमेल शे.
चिडले नाही. समजावलं. खरी माहिती असेल तरच शहर नीट बांधता येतं. रिक्षा सोडून पायीवर खूण केली.
पावलं: अकराशे. गल्लीच लहान आहे.

१२ मार्च, दुपार
रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात. एका खाटेवर दिवसा एक, रात्री दुसरा. प्रत्येकाला उठवावं लागतं. भगवानकाका एक डोळा उघडून ‘पायी’ म्हणाले आणि पुन्हा झोपले. झोपेत माणूस खोटं बोलत नाही. हा सर्वात शुद्ध डेटा.
आई पण रिक्षा लिही म्हणाली. ती घरीच साड्यांना स्टोन चिकटवते. म्हटलं, आई, तू तर कामावर जातच नाहीस. ती म्हणाली, मग माझं विमान लिही.

१५ मार्च
योगेंद्र मोबाइल रिपेअरिंगवाला. दुकान खाली, खोली वर. कामावर जायला अकरा पायऱ्या. माझ्या हातातून फॉर्म घेऊन स्वतःच भरला. रिक्षावर खूण, बसवर खूण, रेल्वेवरही खूण. खाली लिहिलं, मेट्रो सुरू झाली की रोज चार वेळा जाईन. विचारलं, कुठे जाणार? म्हणाला, ताई, ते मेट्रो ठरवेल.
पेनाने लिहिलेलं, खोडलं तर दिसतं. अशा माणसांमुळे देश मागे राहतो. एक फॉर्म अशुद्ध. बाकी त्रेसष्ट शुद्ध ठेवायचे.

२४ एप्रिल
आखाजीच्या सणाला निम्मी गल्ली गावी जाईल म्हणून त्याआधी सर्व्हे संपवला. चौसष्टपैकी चौसष्ट. त्रेसष्ट पायी. अहवालात तिसरं प्रकरण मी लिहिलं. पहिलं वाक्य: ‘येथे सर्व काही पायी अंतरावर आहे.’ सर म्हणाले, बहु सरस. आजवरच्या सर्व्हेत शंभर टक्के काम कुणीच दिलं नव्हतं म्हणे.
टायपिंगचा क्लास पुढच्या महिन्यापासून. सध्या डोकं अहवालात आहे.

१६ जून
यादी लागली. स्टेशनजवळच्या इमारतीत गल्ली सहामधलं एक कुटुंब. योगेंद्र. बाकी त्रेसष्ट कोसाड. आमचं नाव सदतिसावं.
छपाईची चूक असणार. दोन्ही मथळे उलटे लागलेत.

१७ जून
उलटे लागलेले नाहीत. सरांनी समजावलं. स्टेशनजवळची घरं स्टेशन वापरणाऱ्यांसाठी. जे कुठेच जात नाहीत, पायीच फिरतात, त्यांना स्टेशनचा उपयोग काय? प्रश्न चौदाला सर्वात जास्त गुण. पायीला शून्य.
सांगितलं, काम जवळ आहे म्हणून पायी जातात. सर म्हणाले, सारो पॉइंट छे, म्हणजे चांगला मुद्दा आहे, मेल कर. केला. उत्तर लगेच आलं: आपला मेल मिळाला. आपोआप येतं ते, पण मिळाला तर आहे.
पहिली यादी प्राथमिक असते. या यादीवर ‘अंतिम’ लिहिलंय. पण अंतिमवरही हरकती घेता येत असतील.

२ जुलै
हरकतींची मुदत ३० जूनला संपली. यादीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. यादी भिंतीवर चिकटवलेली.

५ जुलै
शोभाबाई मावशी आल्या. वाटलं, भांडतील. उत्तर तयार ठेवलं होतं, मुद्देसूद. त्यांनी वाटीभर साखर मागितली, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तू शिकेल शे माय, तुले जास्त समजस. मग गेल्या.
काही वाटलं नाही. गहू दळून आणले.

१४ सप्टेंबर
ऑफिसात इमारतीचं ब्रोशर आलं. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर एक बाई पिशवी घेऊन हसत चाललीये. वर मोठ्या अक्षरात: ‘येथे सर्व काही पायी अंतरावर आहे.’
माझं वाक्य. नाव दिलेलं नाही, पण प्लॅनर पडद्यामागेच असतो.
घरी दाखवलं. आईने कागद चांगला आहे म्हणून डब्याखाली घातला.

२६ ऑक्टोबर
दिवाळीत लूम बंद असतात, म्हणून सगळ्यांनी आत्ताच सामान हलवलं. आमचा टेम्पो आणि शोभाबाईंचा एकच. कोसाडला बिल्डिंग सतरा, तिसरा मजला. नळ आहे, संडास घरात आहे, खिडकीतून वारा येतो. त्रुटी शोधल्या, विशेष सापडल्या नाहीत.
नाना गॅलरीत उभे राहिले. विचारलं, लूम कोणीकडं? मी दिशा दाखवली. मग मोबाइलवर पाहिलं, उलटी होती. सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर
नाना पहाटे पाचला निघतात. दोन बस, पुढे पायी. तरी दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा शेठने त्यांच्या लूम दुसऱ्याला दिल्या. सव्वीस वर्षं त्याच बारा लूम होत्या. आता कुणी गैरहजर असेल तर नानांना फोन येतो. फोन आल्यावर पोचायला दीड तास. तोवर कुणीतरी जवळचा पायी येऊन उभा राहिलेला असतो.
आईला साड्यांचे गठ्ठे देणारा माणूस कोसाडला येत नाही.
संकल्प: वशिला न लावता नानांना जवळ काम शोधायचं. जवळ म्हणजे कशाच्या, हे आधी ठरवायला हवं.

२९ डिसेंबर
ऑफिसच्या कामाने लिंबायतला गेले. गल्लीच्या जागी निळे पत्रे. योगेंद्र इमारत होईस्तोवर पलीकडे भाड्याने आहे. त्याने चहा पाजला. स्टेशनचंही काम चालू आहे, गाडी कधी येईल विचारू नका, म्हणाला. नाना कसेत विचारलं. बरे आहेत म्हटलं. मग तो म्हणाला, ताई, मला काय माहीत होतं, मी तर गंमत केली होती.
चहा चांगला होता.

१९ जानेवारी २०२६, सकाळ
नवीन काम. कोसाडच्या वसाहतीचा सर्व्हे. जुनाच फॉर्म, बावीस प्रश्न. सर म्हणाले, तू त्यांनी ज छे. म्हणजे तू तिथलीच. आता आमच्या सगळ्यांच्या फॉर्मवर बस, बस, पायी येणार. गुण भरपूर पडतील. सरांना विचारलं, मग स्टेशनजवळचं घर? सर म्हणाले, ती घरं कधीच बुक झाली.
तरी माहिती खरी गोळा व्हायला हवी.

१९ जानेवारी, संध्याकाळ
बिल्डिंग सतरा पूर्ण करायची होती. एकोणीस घरं चारपर्यंत झाली. कुणी वाद घातला नाही. शोभाबाईंनी विचारलं, काय सांगू? मी बस म्हटलं, त्यांनी मान हलवली.
शेवटचं घर आमचं. नाना खाटेवर बसले होते. आज फोन आला नव्हता. तेरा प्रश्न नीट झाले. चौदावा वाचला. नानांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, पोरी, खरं सांगू का फायद्याचं?
पेनाला टोपण लावलं.
बिल्डिंग सतरा. वीसपैकी एकोणीस.